मुंबईत बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत पत्रांतून, फोनवर आणि घरी येऊन प्रतिकृती पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापे १:६४ या प्रमाणातील आहेत; अन्य प्रमाण असल्यास तसे म्हटले आहे.

१. ‘त्रिंकोमाली’ ही नौका नेमकी कोणती, आणि तिचा मुंबईशी संबंध काय?

ही ब्रिटिश नौदलाची लेडा वर्गातील फ्रिगेट, म्हणजे तोफांचा एकच पूर्ण मजला असलेली, तीन डोलकाठ्यांची वेगवान युद्धनौका. हा आराखडा मुळात ब्रिटिशांचा नव्हे. १७८२ साली त्यांनी पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून तो घेतलेला आहे. नौकेचा कणा मुंबईच्या गोदीत एप्रिल १८१६ मध्ये ठेवला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. बांधणारे होते गोदीचे मुख्य जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी वाडिया. त्यांच्या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले होते. लाकूड मलबारचे सागवान. बांधणीचे काम लांबण्याचे एक कारण असे, की आराखडे घेऊन हिंदुस्थानाकडे निघालेली ‘जावा’ ही फ्रिगेट डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’कडून पराभूत झाली, आणि आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली. आज ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे आणि ब्रिटनची सर्वांत जुनी, अद्याप पाण्यावर तरंगणारी युद्धनौका म्हणून तिची नोंद होते. पोर्ट्समथची ‘व्हिक्टरी’ ही युद्धनौका तिच्याहून जुनी खरी, पण ती कोरड्या गोदीत उभी आहे.

२. मी आजवर लाकडाची एकही प्रतिकृती केलेली नाही. थेट फ्रिगेटपासून सुरुवात करू का?

करू नये. फ्रिगेटमध्ये अडचण एकेका कामाची नसते, तेच काम शेकडो वेळा करावे लागण्याची असते. तोफेचा एक गाडा कोणीही करील, मात्र अठ्ठाविसावा गाडा पहिल्यासारखाच व्हावा लागतो. त्याऐवजी याच नौकेवर असणारी एखादी होडी १:२४ च्या सुमारास मोठ्या प्रमाणात बांधावी. तिला कणा असतो, बरगड्या असतात, वळवून बसवायच्या फळ्या असतात, आणि चूक झाली तर दोन आठवड्यांचे काम वाया जाते, दोन वर्षांचे नव्हे. होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) फळ्या नीट बसू लागल्या, की मोठ्या नौकेतील सर्वांत कठीण धडा (प्रश्न ९) हाताला लागलेला असतो. माझी स्वतःची पहिली होडी डाव्या बाजूने उजवीपेक्षा चार मिलिमीटर फुगीर झाली. ती अजून माझ्या टेबलावर आहे आणि तिच्यात पेन्सिली ठेवतो.

३. नकाशे कोठे मिळतात आणि ते वाचायचे कसे?

ब्रिटिश नौदलाच्या जुन्या आराखड्यांचा मोठा संग्रह लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आहे आणि त्यांच्या प्रती विकत मिळतात. या आराखड्यांचे नेहमीचे प्रमाण पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८. एका पत्रावर तीन दृश्ये असतात : बाजूने दिसणारे, वरून दिसणारे (मध्यरेषेच्या एकाच बाजूचे) आणि समोरून व मागून दिसणारे काटछेद. प्रतिकृतीच्या बरगड्या तिसऱ्या दृश्यातून मिळतात, परंतु प्रत्येक बिंदू उरलेल्या दोन दृश्यांशी ताडून पाहावा लागतो.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली झेरॉक्सची. मोठे पत्र झेरॉक्समधून काढताना लांबीत आणि रुंदीत वेगवेगळे आखडते किंवा ताणले जाते, म्हणून प्रत हाती आल्यावर पत्रावरील मोजपट्टी उभी आणि आडवी दोन्हीकडे धरून तपासावी. दुसरी चूक अधिक खोल आहे. आराखड्यातील रेषा बरगड्यांच्या बाहेरील कडेच्या असतात, वरच्या फळ्यांची जाडी त्यांत धरलेली नसते. मूळ फळी चार इंच जाडीची धरली, तर आपल्या प्रमाणात ती १.६ मिलिमीटर होते. तुम्ही दीड मिलिमीटरचा आतला थर आणि त्यावर ०.७ मिलिमीटरचा बाहेरचा थर असे दोन थर लावणार असाल, तर एकूण २.२ मिलिमीटर होतात. म्हणजे सांगाड्याची कड सर्वत्र ०.६ मिलिमीटरने आत घ्यावी लागते. एवढ्याने काय होणार, असे वाटते खरे, पण दोन्ही बाजूंचा मिळून १.२ मिलिमीटरचा हा फरक पिछाडीच्या सजावटीशी येऊन आपटतो, कारण ती सजावट आराखड्यावरून तंतोतंत कापलेली असते.

४. प्रमाण कोणते घ्यावे?

तोफांच्या मजल्यावर नौकेची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी जवळपास ४० फूट. १:४८ मध्ये ही लांबी साधारण ९५ सेंटिमीटर भरते, १:६४ मध्ये ७२ आणि १:९६ मध्ये ४८. तथापि हे केवळ नौकेच्या अंगाचे माप झाले. नाळेवरून पुढे गेलेली तिरकी डोलकाठी आणि मागचा लाकडी दांडा धरून एकूण लांबी अंदाजे दीडपट होते, म्हणजे १:४८ ची पूर्ण प्रतिकृती जवळजवळ दीड मीटरच्या घरात जाते. शहरी सदनिकेत राहणाऱ्यांनी प्रमाण ठरवण्यापूर्वी दाराची रुंदी आणि लिफ्टची खोली मोजावी, हा सल्ला विनोदाने दिलेला नाही; माझी पहिली काचपेटी जिन्याच्या वळणावर अडकली आणि सुताराला बोलावून पुन्हा सोडवावी लागली. १:६४ हे प्रमाण मी सुचवतो, कारण त्यात दोरखंडाचा पीळ डोळ्यांना दिसतो आणि तरीही प्रतिकृती भिंतीलगतच्या कपाटावर मावते. १:९६ मध्ये बारकावे सोडून द्यावे लागतात, आणि कोणते सोडायचे हे कळायला आधी एखादी मोठी प्रतिकृती केलेली असावी लागते.

५. हार्टलपूलच्या नौकेची छायाचित्रे आणि जुना आराखडा जुळत नाहीत. कशावर विश्वास ठेवावा?

दोन्हींवर, परंतु एकाच वेळी नाही. सर्वाधिक प्रतिकृती बिघडतात त्या येथे. एकच ‘त्रिंकोमाली’ अशी वस्तूच नाही. १८१७ ची एक आहे, १८४७ ची दुसरी आहे, आणि आज दिसते ती तिसरी.

१८१७ मध्ये तयार झालेली नौका इंग्लंडकडे निघाली, जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेना येथे काही दिवस थांबली, नेपोलियनवर उपचार केलेल्या जॉन स्टोको या शल्यवैद्याला सोबत घेऊन पुढे गेली आणि एप्रिल १८१९ अखेर पोर्ट्समथला पोहोचली. तोवर युद्ध संपून चार वर्षे झाली होती. नवीकोरी नौका तशीच साठवून ठेवली गेली, आणि पंचवीसएक वर्षे ती तेथेच पडून राहिली. १८४५ मध्ये तिच्यात मोठे फेरफार झाले : पिछाडीची जुनी सपाट रचना जाऊन लंबगोलाकार पिछाडी आली, तोफांची संख्या कमी होऊन त्या अधिक जड झाल्या, आणि ती कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या दर्जाची युद्धनौका) म्हणून गणली जाऊ लागली. १८४७ मध्ये ती प्रथमच खऱ्या अर्थाने सेवेत आली. उत्तर अमेरिका व वेस्ट इंडिजचा तळ आणि नंतर पॅसिफिक महासागर येथे तिने काम केले. पुढे ती प्रशिक्षण नौका झाली, १८९७ मध्ये भंगारात विकली गेली, जॉर्ज व्हीटली कॉब यांनी ती विकत घेऊन वाचवली आणि ‘फुद्रॉयां’ असे नाव दिले. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला नेण्यात आली, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले आणि जीर्णोद्धार २००१ मध्ये पुरा झाला.

म्हणून लाकूड विकत घेण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर एक वर्ष लिहावे आणि नंतर प्रत्येक निर्णय त्या वर्षाला विचारून घ्यावा. पिछाडी कशी, तोफा किती (प्रश्न १२), पट्ट्याचा रंग कोणता (प्रश्न १५), हे सारे त्या एका ओळीतून ठरते. १८१७ चा आराखडा आणि आजच्या छायाचित्रातील पिछाडी यांची सांगड घातलेली नौका कितीही सुबक झाली, तरी ती कधी कोणी पाहिलेली नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील ‘युनिकॉर्न’ (१८२४) ही त्याच घराण्यातील फ्रिगेट संदर्भासाठी वापरावी का, असेही विचारले जाते. तिची आतील बांधणी नंतरच्या, वेगळ्या पद्धतीची आहे, म्हणून ती सर्वसाधारण कल्पनेसाठी पाहावी, मापांसाठी नको.

६. मूळ नौका सागवानी होती. मग प्रतिकृतीही सागवानाची का नको?

प्रत्यक्ष नौकेसाठी सागवान उत्तम का, याची कारणे ठोस आहेत. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते कुजत नाही, ओकसारखे लोखंडी खिळे खात नाही, आणि तोफगोळा लागल्यावर ओकच्या मानाने कमी चिरफाळ्या उडतात. लढाईत जखमी होणाऱ्यांपैकी अनेक जण गोळ्याने नव्हे तर या चिरफाळ्यांनी जखमी होत, हे लक्षात घेतले तर शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व कळते.

प्रतिकृतीत मात्र हेच गुण आड येतात. तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही, त्यातील वाळूसारखे कण पटाशीची धार बोथट करतात, आणि लाकडाच्या रेषा प्रमाणात लहान होत नाहीत. एक मिलिमीटर रुंदीची ठळक रेषा १:६४ मध्ये सहा सेंटिमीटरच्या भेगेसारखी दिसते. ज्यांना सागवान वापरायचेच आहे, त्यांनी जुन्या वाड्याच्या तुळईतून निघालेले, पूर्ण वाळलेले, सरळ रेषांचे लाकूड घ्यावे, चिकटवण्यापूर्वी कड ॲसिटोनने पुसावी, आणि ते केवळ कण्यासाठी किंवा खालच्या चौथऱ्यासाठी वापरावे. मी चौथऱ्यासाठी वापरले आहे.

७. मग लाकूड कोणते, आणि येथे काय मिळते?

परदेशी पुस्तकांत बॉक्सवूड आणि पेअरवूड यांची नावे येतात. आपल्याकडे त्यांच्या जागी हेद (काही जण हळदवान म्हणतात) चांगला चालतो. रंग पिवळसर, रेषा बारीक आणि धारेखाली स्वच्छ कापला जाणारा. पांढऱ्या कामासाठी काळा कुडा, ज्याची चन्नपट्टणची खेळणी होतात, तो कोरीव कामालाही उत्तम आहे. शिवण हलकी आणि वळवायला सोपी, म्हणून आतल्या थरासाठी योग्य. बाहेरच्या जाड पट्ट्यांसाठी शिसवी सुंदर दिसते, पण नौका परदेशी पाठवायची असल्यास आधी प्रश्न १९ वाचावा. सांगाड्यासाठी लाकडी वखारीतील साधा प्लाय घेऊ नये, कारण त्याच्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या तेथेच टाचणी आत जाते. विमानांच्या प्रतिकृतींचे साहित्य विकणाऱ्यांकडील बर्च प्लाय घ्यावा.

हत्यारे, बारीक ड्रिल आणि पितळी तारा यांसाठी मुंबईत लोहार चाळ व नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी येथे एक फेरी पुरते. बांबूच्या खिळ्यांसाठी काही विकत घ्यावे लागत नाही. बांबूची काडी चिरून पोलादी पट्टीच्या उतरत्या मापाच्या भोकांतून ओढत गेले, की अर्ध्या मिलिमीटरचा गोल खिळा मिळतो.

८. खऱ्या बरगड्या घडवाव्यात, की प्लायचे बल्कहेड (नौकेच्या काटछेदाच्या आकाराचे आडवे पडदे) उभे करावेत?

अंग फळ्यांनी पूर्ण झाकायचे असेल, तर बल्कहेड. खऱ्या बरगड्यांची पद्धत तेव्हाच सार्थ ठरते, जेव्हा एका बाजूची फळ्यांची बांधणी मुद्दाम उघडी ठेवून आतील रचना दाखवायची असते. बल्कहेड उभे करताना दोन बल्कहेडमधील जागा नाळेजवळ आणि पिछाडीजवळ भरीव लाकडाने भरून घ्यावी आणि कानशीने आकार द्यावा, कारण तेथे फळी झपाट्याने वळते आणि पोकळीवर ती सपाट पडते. सांगाडा तयार झाल्यावर एक लवचिक काठी सर्व बल्कहेडवर टेकवून पाहावी. ती कोठे अधांतरी राहिली किंवा कोठे टेंगूळ आले, तर दोष फळ्या लावल्यावर नव्हे, आताच दिसतो.

९. नाळेकडे फळ्या एकमेकींवर चढतात किंवा शेवटी पाचरीसारख्या फटी उरतात. काय चुकते?

सर्व फळ्या एकाच रुंदीच्या लावल्या जातात, एवढेच. मध्यभागी नौकेचा घेर मोठा असतो आणि नाळेशी लहान. फळ्यांची संख्या मात्र दोन्हीकडे सारखीच राहते. उदाहरण घेऊ. समजा कण्यापासून कठड्यापर्यंतचा अर्धा घेर मध्यभागी २०० मिलिमीटर भरला आणि फळी पाच मिलिमीटरची आहे, तर ४० फळ्या लागतील. नाळेशी तोच घेर १२४ मिलिमीटर असेल, तर तेथे प्रत्येक फळी ३.१ मिलिमीटरची हवी. म्हणजे प्रत्येक फळी पुढच्या बाजूला निमुळती करायची, आणि ती किती हे डोळ्यांनी नव्हे तर प्रत्येक बल्कहेडवर मोजून ठरवायचे. मी कागदाची पट्टी बल्कहेडवर गुंडाळतो, तिच्यावर घेराची खूण करतो, नंतर ती सरळ करून तिचे समान भाग पाडतो आणि त्या खुणा परत बल्कहेडवर उतरवतो. पाच-पाच फळ्यांचे पट्टे आखून घेतले, की एका पट्ट्यातील चूक पुढच्या पट्ट्यात जात नाही.

फळी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद होऊ लागली, तर तिला टोकाला संपवू नये. दोन फळ्या मिळून पुढे एक फळी चालवावी. पिछाडीकडे याच्या उलट स्थिती येते आणि तेथे मध्ये जादा पाचरफळी घालावी लागते. प्रत्यक्ष गोदीतही हेच करीत असत, त्यामुळे ही तडजोड नव्हे.

वळवण्यासाठी फळी कोमट पाण्यात वीसएक मिनिटे भिजवून गरम सोल्डरिंगच्या नळीवर हलक्या हाताने दाबावी, आणि ती पूर्ण वाळल्यावरच डिंक लावावा. ओल्या फळीवर लावलेला डिंक धरतो, पण फळी वाळताना आखडते.

१०. पावसाळ्यात काम करावे का? माझ्या फळ्यांमध्ये हिवाळ्यात केसाएवढ्या फटी पडल्या.

कोकण किनाऱ्यावर जुलैत लाकूड फुगलेले असते. त्या स्थितीत घट्ट बसवलेल्या फळ्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत आडव्या आखडतात. २०० मिलिमीटरच्या घेरावर हे आखडणे दोन-तीन मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि ते ४० फळ्यांत वाटले गेले की प्रत्येक सांध्यात नेमकी केसाएवढी फट पडते. माझ्या स्वतःच्या प्रतिकृतीत एका बाजूचे काम मे महिन्यातील आणि दुसऱ्या बाजूचे ऑगस्टमधील होते. फटी फक्त एकाच बाजूला पडल्या.

पावसाळ्याचे चार महिने तोफा, डोलकाठ्या आणि कप्प्या यांच्या कामाला द्यावेत. फळ्या बसवायच्याच असतील, तर लाकूड आणि सांगाडा दोन्ही आठवडाभर एकाच वातानुकूलित खोलीत ठेवून मग बसवावे. पडलेल्या फटी भरण्यासाठी त्याच लाकडाचा भुसा पातळ डिंकात कालवून वापरतात. १०० वॉटचा दिवा लावून नौका ‘सुकवण्याचा’ उपाय मात्र करू नये, त्याने एका बाजूला वाक येतो.

११. तांब्याचे पत्रे एकेक करून लावावेत का?

पाण्याखालचा भाग १.२ मीटर लांब व ३५ सेंटिमीटर रुंद पत्र्यांनी मढवलेला असे, जेणेकरून किडे लाकूड पोखरू नयेत. आपल्या प्रमाणात एक पत्रा १९ गुणिले ५.५ मिलिमीटरचा होतो, आणि रंगीत काचकामात वापरली जाणारी चिकट तांबपट्टी ७/३२ इंच, म्हणजे जवळपास तेवढ्याच रुंदीची मिळते. माझ्या अंदाजाने दीड ते दोन हजार तुकडे लागतात. सुरुवात पिछाडीला, कण्याजवळून करावी आणि पुढे व वर जावे, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर आणि वरचा खालच्यावर चढतो, जसा तो पाण्याच्या प्रवाहासाठी प्रत्यक्षात असे.

प्रत्येक खिळ्याचा ठसा उठवण्याच्या मोहात पडू नये. मूळ खिळ्याचे डोके या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते, आणि बाजारातील ठसेयंत्राने नौकेला देवी आल्यासारखे दिसते. बोटांच्या घामाचे डाग आठवड्याभरात काळे पडतात, म्हणून हातमोजे घालावेत.

१२. काही ठिकाणी ३८ तोफा लिहिल्या आहेत, काही ठिकाणी ४६. खरे काय?

दोन्ही खरे. जुन्या पद्धतीत नौकेचा दर्जा ठरवताना कॅरोनेड या आखूड, जवळच्या पल्ल्याच्या तोफा बहुतांशी मोजल्याच जात नसत, त्यामुळे लेडा वर्ग ‘३८ तोफांचा’ ठरला. १८१७ च्या आरंभी मोजणीचा नियम बदलला, कॅरोनेड हिशेबात आल्या आणि तीच नौका ‘४६ तोफांची’ झाली. मुख्य मजल्यावर १८ पौंडी (१८ पौंड वजनाचा गोळा मारणाऱ्या) २८ तोफा, म्हणजे एका बाजूला १४. उरलेल्या वरच्या मजल्यावर, मुख्यतः ३२ पौंडी कॅरोनेड.

अडचणीची गोष्ट पुढेच आहे. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे १८१७ ची नौका सेवेत आलीच नाही, आणि १८४७ मध्ये आली तेव्हा तिच्यावर २६ तोफा होत्या. म्हणजे पूर्ण ४६ तोफांसह रणसज्ज असलेली ‘त्रिंकोमाली’ कागदावरच राहिली. तशी प्रतिकृती करण्यास हरकत नाही, मात्र चौथऱ्यावरील पाटीवर ‘मूळ आराखड्यानुसार’ असे लिहावे. आठ फुटी तोफ आपल्या प्रमाणात ३८ मिलिमीटर लांब होते, चार फुटी कॅरोनेड १९ मिलिमीटर.

१३. जुन्या कोष्टकांप्रमाणे दोर केले, पण ते साखळदंडासारखे जाड दिसतात. का?

जुन्या कोष्टकांत दोराचा व्यास नसतो, घेर असतो. ‘१२ इंची दोर’ म्हणजे ज्याच्याभोवती गुंडाळलेली फीत १२ इंच भरते असा दोर. त्याचा व्यास ३.८ इंच आणि आपल्या प्रमाणात दीड मिलिमीटर. घेरालाच व्यास समजले, तर तो ४.८ मिलिमीटर होतो, आणि नौका दोरांच्या ओझ्याखाली दबलेली दिसते.

डोलकाठ्या ताणून धरणारे स्थिर दोर डांबरलेले, म्हणून काळपट तपकिरी. शिडे व परबाणे (शिडे धरणाऱ्या आडव्या काठ्या) हलवणारे दोर काथ्याच्या रंगाचे. शुभ्र पांढरा दोर कोठेही नको. दुकानातील दोऱ्याला तूस असते. तो मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्यावा. शिडीसारख्या आडव्या दोऱ्यांतील अंतर सुमारे १३ इंच, म्हणजे पाच मिलिमीटर. त्यांच्यामागे रेघा आखलेला कागद धरून, मधल्या प्रत्येक उभ्या दोरावर क्लोव्ह हिच (स्काउटमध्ये शिकवतात तीच गाठ) मारत जावे. येथे डिंकाने भागवणारे पुष्कळ आहेत. दुरून फरक कळत नाही, जवळून लगेच कळतो.

१४. शिडे लावावीत का?

माझे मत : नाही. कापडाचे धागे प्रमाणात लहान होत नाहीत, आणि फुगलेली शिडे ज्या दोरकामासाठी वर्ष खर्च केले तेच झाकतात. लावायचीच असतील तर परबाणांवर गुंडाळलेली दाखवावीत आणि त्यांसाठी कापड खऱ्या उंचीच्या निम्म्याहून कमी घ्यावे, अन्यथा वळकट्या बिछान्यासारख्या दिसतात.

१५. बाहेरचा पट्टा पिवळा की पांढरा?

नेपोलियनच्या युद्धांच्या काळात काळ्या अंगावर तोफखिडक्यांच्या ओळीने पिवळा पट्टा आणि खिडक्यांची झाकणे काळी, ही पद्धत रूढ होती. युद्धांनंतर पिवळ्याची जागा हळूहळू पांढऱ्याने घेतली. म्हणून १८१७ साठी पिवळा आणि १८४७ साठी पांढरा असे मी मानतो. पिवळा म्हणजे झेंडूचा नव्हे, रामरजेसारखा मातकट. हार्टलपूल येथे आज नाळेवर पगडी घातलेल्या पुरुषाचा अर्धपुतळा आहे. तो काळ्या कुड्यात कोरता येतो.

१६. पेटीत ठेवलेल्या तोफांवर पांढरी भुकटी जमली. ती बुरशी आहे का?

बुरशी नव्हे. तोफा शिशाच्या ओतीव असतील तर ती शिशाची गंज आहे, आणि विषारी आहे. फुंकर मारू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये; ओल्या फडक्याने टिपून फडके टाकून द्यावे. कारण पेटीतच सापडते. लाकूड, प्लाय आणि एमडीएफ यांतून आम्लाची वाफ निघत राहते, आणि बंद पेटीत ती साठते. माझ्या पेटीत दोष काचेचे सांधे भरलेल्या सिलिकॉनचा निघाला. ज्याला लावताना व्हिनेगरचा वास येतो, ते सिलिकॉन ॲसेटिक आम्ल सोडते. वास नसलेले सिलिकॉन वापरावे, पेटीला तळाशी जाळी लावलेली लहान छिद्रे ठेवावीत, आणि शक्यतो तोफा पितळेच्याच कराव्यात.

१७. कण्यात चांदीचा खिळा मारण्याची प्रथा खरी आहे का?

होय. पारशी परंपरेनुसार मुख्य जहाजबांधणीकार कण्यात कोरीव चांदीचा खिळा विधिपूर्वक ठोकत असत आणि तो नौकेच्या क्षेमासाठी आवश्यक मानला जाई. प्रतिकृतीत खिळा मारायचा झाल्यास अर्ध्या मिलिमीटरची चांदीची तार सोनाराकडे मिळते. मी मारला आहे. तो तांब्याच्या पत्र्याखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

१८. इंग्रजांची नौका कशाला? आंग्र्यांचे गुराब (त्यांच्या आरमारातील मोठे लढाऊ जहाज) का करू नये?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच, आणि कधीकधी रागानेही. करण्याची इच्छा मलाही आहे. अडचण भावनेची नसून कागदाची आहे. आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर नौका नजरेने आणि हाताच्या मापांनी बांधीत. तत्कालीन गुराबाचा रेषांचा आराखडा उपलब्ध नाही. आंग्र्यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाले, त्यामुळे मोजायला लाकूडही उरले नाही.

हाती आहेत ती युरोपीय चित्रे आणि वर्णने. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांच्या वर्णनानुसार तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे व दोन डोलकाठ्यांचे १५० टनांचे असे. रुंदी लांबीच्या मानाने अधिक. पुढचा भाग भूमध्य समुद्रातील गॅलीसारखा सखल व पुढे निघालेला. आणि ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा मधल्या भिंतीतील खिडक्यांतून थेट नाळेवरून पुढे मारा करीत. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टनांचे, ४० ते ५० वल्ह्यांचे. यावरून सुंदर नौका उभी करता येईल, पण पाण्याखालचा आकार पूर्णपणे तर्काने भरावा लागेल. तो भरताना युरोपीय जहाजाचे अंग उसने घेण्याऐवजी रत्नागिरी-मालवणकडील जुन्या मचव्यांची मापे घ्यावीत, आणि पाटीवर ‘प्रतिकृती’ ऐवजी ‘तर्काधारित पुनर्रचना’ असे लिहावे.

१९. पूर्ण झालेली नौका मुलीकडे अमेरिकेला पाठवायची आहे. काय काळजी घ्यावी?

तिन्ही डोलकाठ्यांचे वरचे भाग सोडवता येतील अशी रचना असेल तर फारच बरे, पण बहुतेकांना हे नौका पूर्ण झाल्यावर सुचते. नौका चौथऱ्याला कण्यातून दोन स्क्रूंनी पक्की करावी आणि चौथरा पेटीच्या तळाला. नौकेभोवती थर्माकोलचे तुकडे कोंबू नयेत, ते दोरांत अडकतात. आतली पेटी बाहेरच्या पेटीत फोमवर तरंगती ठेवावी. बाहेरची पेटी कच्च्या लाकडाची असेल तर तिला उष्णतेची प्रक्रिया करून आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. प्लायच्या पेटीला तो लागत नाही. शिसवी वापरली असल्यास ते लाकूड साईट्स या (धोक्यातील वनस्पती व प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय) कराराच्या यादीत येते. तयार वस्तूंतील अल्प वजनाला सवलत आहे, तरी पाठवण्यापूर्वी सीमाशुल्क दलालाकडून लेखी खात्री करून घ्यावी आणि वापरलेल्या लाकडांची नावे व वजने कागदावर सोबत द्यावीत. ही यादी बांधणी चालू असतानाच वहीत लिहून ठेवावी, प्रश्न ५ मधल्या त्या पहिल्या पानाच्या मागे.